रामचंद्र बाबाजी मोरे : महाडच्या शाळेने दार लावलेला मुलगा

२० मार्च जवळ आला की महाड शहरात पाय ठेवायला जागा राहत नाही. चवदार तळ्याकडे जाणारे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे तळ्याच्या पायऱ्यांवर बसून डबे सोडतात. याच गावात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ साली सुरू केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. पोलादपूर, बिरवाडी, माणगाव या बाजूची मुले-मुली एसटीने येतात, वर्गात बसतात, लायब्ररीतून पुस्तके घेतात. कोणी कुठे बसायचे, हे तिथे कोणी विचारत नाही.

या गावात नेहमी विचारावा असा एक प्रश्न आहे. बाबासाहेबांनी महाडला सत्याग्रह केला हे सर्वांना पाठ आहे. पण परिषद महाडलाच का भरली? मुंबईत नाही, पुण्यात नाही, रत्नागिरीत नाही, कोकणातल्या या एका तालुक्याच्या गावी का? उत्तर शोधू लागलो की एका माणसाशी येऊन थांबावे लागते. त्यांचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. लोक त्यांना आर. बी. मोरे म्हणत. आपल्या कार्यक्रमांत हे नाव क्वचित ऐकू येते. त्याचे कारणही लपलेले नाही, त्यावर पुढे येतो.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली गावी, आजोळी झाला. घर मूळचे दासगावचे. आजच्या पिढीला दासगाव माहीत आहे ते मुंबई-गोवा महामार्गावरचे एक गाव म्हणून, नाहीतर जुलै २००५ मध्ये दरड कोसळून माणसे गेली त्या आठवणीने. शंभर वर्षांपूर्वी मात्र दासगाव हे सावित्री नदीच्या खाडीवरचे बंदर होते. मुंबईहून निघालेली माणसे समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरत आणि दासगावला उतरून पायी महाड गाठत. बंदराचे गाव म्हटले की बातमी, वर्तमानपत्र आणि परगावचा माणूस यांची ये-जा असतेच. शिवाय दासगावात लष्करातून पेन्शन घेऊन परतलेली महार कुटुंबे होती. पलटणीत या लोकांनी लिहिणे-वाचणे शिकले होते. गावात परतल्यावर पुन्हा खाली मान घालून चालणे त्यांना जड जात होते. गोपाळबाबा वलंगकर याच मुशीतले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी दासगावात राहून काम केले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज केला. १९०० साली ते गेले. मोरे यांचे घराणे त्यांच्या नात्यातले. म्हणजे अर्ज लिहायचा, छापून आणायचा, वरिष्ठाकडे दाद मागायची, ही रीत या मुलाला घरातूनच मिळाली होती.

अकरा वर्षांचे असताना, १९१४ साली, ते शिष्यवृत्तीच्या परीक्षेला अलिबागला गेले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते आणि जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. महाडहून अलिबाग म्हणजे त्या काळी सहज जाऊन येण्याची गोष्ट नव्हती, त्यात अस्पृश्य मुलाला वाटेत पाणी कोण देणार, मुक्कामाला ओसरी कोण देणार, हा वेगळाच प्रश्न. मुलाने परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. याच सुमारास वडील वारले.

पुढे काय घडले ते प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्याला सांगावे असे आहे. शिष्यवृत्ती हातात असूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. कारण असे की शाळेची जागा दुसऱ्याच्या मालकीची, अस्पृश्य मुलगा आत घेतला तर जागामालक चालू देणार नाही. आजही आपल्या ओळखीची वाटावी अशी ही सबब आहे. संस्था म्हणते आमची काही हरकत नाही हो, पण लोक ऐकणार नाहीत! त्या मुलाने रडत घरी बसण्याऐवजी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. सरकारी अनुदान घेणारी शाळा एका मुलाला जातीमुळे दार बंद करते, मग तिला अनुदान का द्यावे, असा त्याचा मुद्दा होता. पत्र छापून आले, शाळेची पंचाईत झाली आणि प्रवेश मिळाला. तरी शाळेने त्यांना इतर मुलांबरोबर बसू दिले नाही. वेगळे बसून त्यांना शिकावे लागले.

घरची परिस्थिती बेताची, वडील नाहीत. शिक्षण अर्धवट राहिले. मोरे मुंबई-पुण्याच्या वाऱ्या करू लागले, मिळेल ते काम करू लागले. ते कॉलेजात कधी गेले नाहीत. ज्या गावी पुढे बाबासाहेबांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले, त्या गावी त्यांच्या वाट्याला वेगळे बसून घेतलेले काही वर्षांचे इंग्रजी शिक्षण तेवढे आले.

पण महाड त्यांनी सोडले नाही. महाड ही तालुक्याची बाजारपेठ आणि कचेरीचे ठिकाण. खेड्यापाड्यातून आपली माणसे बाजाराला, कोर्टाच्या तारखेला, कचेरीतल्या कामाला येत. दिवसभर उन्हात हिंडायचे आणि पाण्याचा घोट मिळत नाही. चवदार तळे गावाच्या मध्यावर, पण त्यावर जाण्याची सोय नाही. मोरे यांनी महाडात एक चहाचे दुकान काढले. दुकान म्हणजे काय, आपल्या माणसाला बसता येईल, पाणी पिता येईल अशी एक जागा. तिथे लोक थांबू लागले. मोरे त्यांचे अर्ज लिहून देत, वर्तमानपत्र वाचून दाखवत, गावोगावच्या तक्रारी ऐकत. तालुक्यातल्या कोणत्या गावात कोण धीराचा आहे, कोणत्या वाडीत पेन्शनर जमादार आहे, कोणाच्या घरी बैठक होऊ शकते, हे सगळे त्या चहाच्या दुकानात बसून त्यांना कळत गेले. आजच्या भाषेत आपण याला संघटन बांधणे म्हणतो. तेव्हा ते एका विशीतल्या तरुणाने तहानेच्या प्रश्नावरून सुरू केले.

दरम्यान सरकारदरबारीही काही हालचाल झाली होती. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या हद्दीतले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, पाणी मात्र होते तिथेच. याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. मोरे त्यांना जाऊन भेटले आणि कुलाबा जिल्ह्यात परिषद घेण्यासाठी त्यांच्यामागे लागले. बाबासाहेब लगेच आले नाहीत. आधी लोक जागे करा, तयारी होऊ द्या, हा त्यांचा स्वभाव. मोरे यांनी तयारी केली. दासगावच्या क्रॉफर्ड तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी भरले ते महाडच्या आधी, आणि त्यामागेही मोरे होते. महाडचा प्रसंग अचानक घडला असे मानणाऱ्यांनी दासगावचा हा प्रसंग लक्षात ठेवावा.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. संभाजी तुकाराम गायकवाड स्वागताध्यक्ष होते, मुंबईहून अनंतराव चित्रे आले होते, टिपणीस गावातून पाठीशी होते. गावोगाव फिरून माणसे आणणे, वर्गणी जमवणे, भाकरतुकड्याची व्यवस्था लावणे हे काम मोरे आणि त्यांच्या साथीदारांचे. परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, तेही तळ्याच्या गावात. दुसऱ्या दिवशी सभा आटोपल्यावर मिरवणूक चवदार तळ्याकडे वळली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. पुढचे आपण सारे जाणतो. वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार अशी अफवा उठली, जेवायला बसलेल्या आणि गावाकडे परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पेन्शनर सैनिक मनात आणते तर त्या दिवशी महाडात वेगळेच घडले असते, पण बाबासाहेबांचा शब्द त्यांनी मानला.

डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून मिरवणुकीने महाडला आले. मोऱ्यांचे गाव त्या दिवशी सत्याग्रहाचे प्रवेशद्वार झाले. मंडपाला जागा द्यायला कोणी हिंदू तयार नव्हता, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तूर्त थांबवावा लागला, आणि हायकोर्टाचा अंतिम निकाल यायला मार्च १९३७ उजाडला.

इथपर्यंत मोरे आपले आहेत, याबद्दल कोणाला शंका नाही. १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि आपल्या सभांमधून त्यांचे नाव मागे पडत गेले.

ते का गेले, हे समजून घ्यायला हवे. १९२८ च्या संपाने मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांचा प्रश्न त्यांनी जवळून पाहिला. त्याच गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. पगार जास्त होता तो याच खात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. मोरे यांनाही तो दिसत होता, पण त्यांचे म्हणणे असे होते की हा लढा कामगारांच्या संघटनेच्या आत शिरून लढायचा. त्यांनी 'आव्हान' हे पत्र चालवले. बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही आणि लाल बावटाही सोडला नाही. १९३८ साली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला आणि नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र दिसले. मोरे यांना हवे होते ते हेच. असे दिवस मात्र फार आले नाहीत.

आणि एक गोष्ट त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी वाचावी. पक्षात गेल्यावर मोरे जातीच्या प्रश्नावर गप्प बसले नाहीत. १९५३ साली त्यांनी पक्षाच्या नेतृत्वाला लेखी टिपण दिले की अस्पृश्यतेचा प्रश्न पक्षाने स्वतंत्रपणे हाती घ्यायला हवा, आर्थिक लढ्यात तो आपोआप विरघळणार नाही. पुढेही त्यांनी हाच मुद्दा पुन्हा लिहून दिला. पक्षाने त्याकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणजे ज्यांनी त्यांना आपले मानले त्यांनी त्यांचे ऐकले नाही, आणि ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर बोलले त्यांनी त्यांना परके मानले. अकराव्या वर्षी शाळेविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा मुलगा पन्नाशीत आपल्याच पक्षाला पत्रे लिहीत होता.

१९६५ साली त्यांनी 'जीवनमार्ग' सुरू केले. ११ मे १९७२ रोजी ते वारले.

त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले. महाडच्या लढ्यापर्यंतच्या काळाच्या आसपास ते थांबते. पुढचे आयुष्य त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पूर्ण केले आणि ते पुस्तक २००३ साली मराठीत आले. २०१९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि देशाबाहेरच्या विद्यापीठांत मोरे वाचले जाऊ लागले. पुढच्या २० मार्चला तळ्याकडे जाताना वाटेतल्या स्टॉलवर हे पुस्तक मिळते का ते विचारून पाहा. पक्षाच्या वर्षांविषयी त्यात त्यांच्या हातचे फारसे काही नाही, पण दासगाव, अलिबागची परीक्षा, महाडची शाळा आणि ते चहाचे दुकान, हा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.