एक सही आणि अठरा वर्षं

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आमच्याकडे घरी बोलण्यापुरतं आणि आजीची पत्रं वाचण्यापुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको! हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर सोपं गेलं असतं. पण ज्या गोष्टीमुळे तो लिहावासा वाटला ती घरात घडली, आणि घरात आम्ही मराठीत भांडतो.

झालं असं, की माझ्या धाकट्या भावाला एनडीएच्या एसएसबी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सोबतच्या कागदांमध्ये एकावर आईवडिलांची सही लागते. तिथल्या चाचण्यांमध्ये काही दुखापत झाली तर भरपाई मागणार नाही, असं त्यात असतं. तसा साधाच कागद. पण बाबा पेन हातात घेऊन बसले आणि सही करेनात. भावाने मला हॉस्टेलवर फोन लावला. मी गच्चीवर जाऊन चाळीस मिनिटं बाबांशी वाद घातला. त्याचं स्वप्न आहे, तुम्ही अडवणारे कोण, सगळ्यांच्या बाबांनी असा विचार केला तर सैन्यात जाणार कोण, वगैरे वगैरे. शेवटी बाबांनी सही केली. मी जिंकले. त्या रात्री मेसमधली भाजीसुद्धा छान लागली.

पुढच्याच आठवड्यात सबमिशनचा कंटाळा आला म्हणून लायब्ररीत इकडेतिकडे फिरत होते, तेव्हा एक मोठं जाडजूड चित्रांचं पुस्तक हाती लागलं. सगळी चित्रं काळी-पांढरी. चित्रकर्तीचं नाव केटे कोल्विट्झ. जर्मन. शेवटी तिचं थोडक्यात चरित्र होतं. ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खाली बसले. कारण या बाईनेसुद्धा एकदा मुलासाठी त्याच्या वडिलांशी वाद घातला होता, आणि तीसुद्धा जिंकली होती.

केटेचा जन्म 8 जुलै 1867 चा, पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरातला. आज ते शहर रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड आहे. वडील कायदा शिकलेले, पण सरकारी चाकरीत मन रमेना म्हणून गवंडीकाम शिकून बांधकामात पडले. (सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) आईचे वडील धर्मोपदेशक. अधिकृत चर्चशी पटलं नाही म्हणून त्यांनी स्वतःचा वेगळा पंथ काढला होता. थोडक्यात, पटलं नाही तर तसं सांगायचं, हे तिला घरातूनच मिळालं.

1891 मध्ये तिचं लग्न कार्ल कोल्विट्झ या डॉक्टरशी झालं. बर्लिनच्या कामगार वस्तीत त्याचा दवाखाना होता आणि वरच घर. दवाखान्यात येणाऱ्या थकलेल्या बायका आणि आजारी पोरं तिने जवळून पाहिली, आणि आयुष्यभर त्यांचीच चित्रं काढली. विणकरांच्या बंडावरची तिची चित्रमालिका 1898 मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकासाठी नाव सुचवलं, पण कैसर विल्हेल्म दुसरा याने मंजुरी दिली नाही. पदक गेलं, नाव मात्र झालं.

तिला दोन मुलं. हान्स 1892 चा आणि पेटर 1896 चा. 1903 मध्ये तिने एक चित्र केलं, मेलेल्या मुलाला घट्ट कवटाळून बसलेल्या आईचं. मॉडेल कुठून आणणार? सात वर्षांच्या पेटरलाच मांडीवर घेतलं आणि आरशात बघून चित्र काढलं. हे चित्र मी पुस्तकात आधी पाहिलं आणि ही माहिती नंतर वाचली. मग पान उलटून परत पाहिलं, तर चित्र वेगळंच दिसायला लागलं.

ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनी पहिल्या महायुद्धात उतरलं. आपण आज ती तारीख परीक्षेपुरती पाठ करतो. तेव्हा जर्मनीत काय वातावरण होतं याची मला कल्पना नव्हती. रशियाचा झार आपल्यावर चालून येतोय, आपण फक्त स्वतःला वाचवतोय, असं बहुतेकांना मनापासून वाटत होतं. कोल्विट्झ कुटुंबाला जवळ असलेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानेसुद्धा 4 ऑगस्टला संसदेत युद्धाच्या खर्चाच्या बाजूने मत दिलं. पेटर तेव्हा मित्रांबरोबर नॉर्वेत भटकायला गेला होता. तो धावतपळत परत आला, भरती व्हायला.

पेटर अठरा वर्षांचा. एकवीसच्या आत असल्याने वडिलांची परवानगी हवी. कार्ल नाही म्हणाला. देशाला अजून तुझी गरज नाही, गरज असती तर बोलावणं आलं असतं, असा त्याचा सरळ मुद्दा होता. पेटरने आईकडे पाहिलं. आणि केटेने मुलाच्या बाजूने नवऱ्याची समजूत घातली. कार्लने परवानगी दिली.

ऑक्टोबरच्या मध्याला पेटर बेल्जियमकडे निघाला. 22 तारखेच्या रात्री डिक्समुइड गावाजवळ तो मारला गेला. घरी बातमी पोचली 30 ऑक्टोबरला. युद्धाला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

आता सिनेमा असता तर पुढच्याच सीनमध्ये आई युद्धाविरुद्ध मोर्चात दिसली असती. पण तसं झालं नाही, आणि मला वाटतं या बाईच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट हीच आहे. युद्ध चूक होतं, असं म्हणायला तिला जवळजवळ चार वर्षं लागली. ती डायरी लिहीत असे, त्यातून तिची ओढाताण कळते. पेटरने ज्याच्यासाठी जीव दिला तेच खोटं होतं असं म्हणायचं म्हणजे त्याचा दुसऱ्यांदा जीव घेण्यासारखं. तो गेला, आणि आता त्याच्या मागे आपण त्याच्याविरुद्ध बोलायचं? दुसरीकडे, दर महिन्याला ओळखीच्या घरातली पोरं मरत होती. गप्प राहणं म्हणजे त्यांच्याही कागदांवर आपणच सही करण्यासारखं. तिने पेटरची खोली होती तशीच ठेवली आणि स्वतःशीच भांडत राहिली.

ऑक्टोबर 1918 मध्ये हे भांडण उघडं झालं. जर्मनी हरत आलं होतं. तेव्हा रिखार्ड डेमेल या नावाजलेल्या कवीने वर्तमानपत्रातून आवाहन केलं, की देशाची अब्रू वाचवायला अजून स्वयंसेवक पुढे येऊ देत. हा डेमेल नुसता खुर्चीत बसून बोलणारा नव्हता हं. 1914 मध्ये पन्नाशी उलटून गेल्यावर तो स्वतः भरती झाला होता. म्हणूनच त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. केटेने जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं. तिचं म्हणणं असं, की तुम्ही स्वतः गेलात म्हणून तुम्हाला बोलायचा हक्क आहे, पण आता जे जातील ती देशाची उरलेली तरुण मुलं असतील. चार वर्षं रक्त सांडलं, पुरे झालं, एकानेही आता मरू नये. आणि शेवटी तिने जर्मन कवी गटे याची एक उपमा वापरली, पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्याची. माझ्या आजोळी शेती आहे. कितीही ओढगस्त आली तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, हा नियम मी लहानपणापासून ऐकलाय. त्यामुळे ही उपमा मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. दोनेक आठवड्यांत, 11 नोव्हेंबरला, युद्ध थांबलं.

त्यानंतर ती थांबली नाही. लाकडात कोरून छापायचं तंत्र ती पन्नाशीनंतर शिकली आणि त्यात 'युद्ध' नावाची सात चित्रांची मालिका केली. या सातही चित्रांमध्ये एकही तोफ नाही, रणांगण नाही, शत्रू नाही. आहेत ते आईबाप, विधवा, आणि घोळका करून पोरांना मधे दडवणाऱ्या आया. एका चित्रात मृत्यू ढोल बडवत पुढे चाललाय आणि त्याच्या मागे भारावलेली पोरं. मृत्यूच्या अगदी शेजारी तिने पेटरला ठेवलंय. 1924 मध्ये लाइपझिगच्या तरुण कामगारांच्या मेळाव्यासाठी तिने केलेलं, पुन्हा कधीच युद्ध नको असं सांगणारं हात उंचावलेल्या तरुणाचं पोस्टर तर पुढे जगभर फिरलं.

पण सगळ्यात जास्त वेळ लागला तो पेटरच्या स्मारकाला. त्याची कल्पना तिला डिसेंबर 1914 मध्ये सुचली. आधी ठरवलं, मध्ये मुलगा आडवा, डोक्याशी बाप, पायाशी आई. वर्षानुवर्षं केलं आणि 1919 मध्ये सोडून दिलं. काही वर्षांनी पुन्हा हातात घेतलं. या काळात मुलगा स्मारकातून हळूहळू नाहीसा झाला आणि उरले फक्त दोघं. 1932 च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या त्याच्या कबरस्तानात ग्रॅनाइटचे ते दोन पुतळे बसले. बाप गुडघ्यांवर ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून समोर बघतोय. आई वाकलेली, मान खाली. दोघांचे चौथरे वेगळे, दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. चेहरे कार्लचा आणि तिचा स्वतःचा. गुडघे टेकलेत म्हणजे माफी मागतायत, असं मला वाटलं. 1914 ते 1932, अठरा वर्षं. पेटर जगला तेवढीच.

पुढे 1950 च्या दशकात तिथल्या कबरी आणि पुतळे जवळच्या व्लाड्स्लो इथे हलवले. तिथे 25 हजारांहून जास्त जर्मन सैनिक पुरलेले आहेत. पुतळ्यांच्या समोरच्याच एका दगडावर इतरांच्या नावांबरोबर पेटरचं नाव आहे.

पुतळे बसले आणि सहा महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. नाझींविरुद्ध सगळ्यांनी एकत्र या, असं सांगणाऱ्या जाहीर आवाहनावर केटेने सही केली. (पुन्हा सही!) त्यामुळे फेब्रुवारी 1933 मध्ये तिला प्रशियन कला अकादमी सोडावी लागली. याच अकादमीने 1919 मध्ये तिला सदस्य करून घेऊन प्रोफेसर ही पदवी दिली होती. 1936 मध्ये गेस्टापोने घरी येऊन छळछावणीची धमकी दिली. तिची चित्रं प्रदर्शनातून काढली गेली. तरी ती देश सोडून गेली नाही. 1940 मध्ये कार्ल वारला. 1941-42 मध्ये तिने शेवटचं मोठं चित्र केलं. विषय तोच, बियाणं. एक म्हातारी आई दोन्ही हातांखाली पोरांना दाबून धरते आहे आणि ती द्वाड पोरं खालून डोकावतायत, बाहेर पळायला उत्सुक. मला त्यात माझा भाऊच दिसला. सप्टेंबर 1942 मध्ये तिचा नातू रशियात मारला गेला. हान्सने आपल्या त्या मुलाचं नाव पेटरच ठेवलं होतं. 1943 मध्ये बर्लिनचं घर बॉम्बहल्ल्यात जळालं. 22 एप्रिल 1945 ला ड्रेस्डेनजवळच्या मॉरिट्झबुर्ग इथे ती वारली. युरोपातलं युद्ध संपायला फक्त सोळा दिवस बाकी होते.

ती गेली तरी वाद संपला नाही. 1993 मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात तिच्या एका छोट्या शिल्पाची मोठी प्रतिकृती ठेवली, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेल्या आईची. तेव्हा अनेकांनी आक्षेप घेतला. मारणारे आणि मारले गेलेले, दोघांसाठी एकच आई कशी रडू शकते? छळछावण्यांत मेलेल्यांना हे शिल्प आपलं वाटेल का? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. काही युद्धं लादली जातात, आणि हिटलरला नुसत्या पोस्टरने थांबवता आलं नसतं, हेही तितकंच खरं. आमच्या कॉमन रूममध्ये टीव्हीसमोर जे वाद होतात त्यात मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

पण केटेकडून मी एक शिकले. सैनिकावर प्रेम असणं आणि युद्धाला नाही म्हणणं, यात एक निवडावं लागत नाही. तिने पेटरला कधी मूर्ख म्हटलं नाही. त्याचा भाबडेपणा तिने जपला, आणि ज्यांनी तो वापरला त्यांना मात्र सोडलं नाही. त्यात स्वतःलाही सोडलं नाही.

त्या रात्री मी पुन्हा गच्चीवर जाऊन बाबांना फोन केला. काही बदलायचं नव्हतं. भावाने जावं असं मला अजूनही वाटतं. फक्त बाबा त्या दिवशी पेन घेऊन का थांबले होते, हे मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. ते विचारलं. या वेळी मी वाद घातला नाही, नुसतं ऐकलं. बाबा बराच वेळ बोलले.