पंडिता रमाबाई : सेवेपुढे नमलेली विद्वत्ता

संस्कृतवरील प्रभुत्वाबद्दल १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांनी स्वकीयांचा रोष सोसला. ईश्वरावरील प्रेम त्यांनी दीनदुबळ्यांच्या सेवेतून आचरले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवांना आणून त्यांनी आसरा दिला. पुण्याजवळील केडगावी ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. मात्र पांडित्याची भाषा बाजूला ठेवून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमजेल अशा सोप्या शब्दांत. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली, तरी हे काम थांबले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला.