कडेला नाव देणारा गणिती

इ.स. १७५०च्या नोव्हेंबर महिन्यात बर्लिनमधून एक पत्र रवाना झाले. लिहिणारा होता त्रेचाळीस वर्षांचा लिओनार्ड ऑयलर आणि ते ज्याच्यासाठी होते तो त्याचा जुना स्नेही ख्रिश्चन गोल्डबाख. सपाट पृष्ठांनी वेढलेल्या घनाकृतीतील शिरोबिंदू आणि पृष्ठे यांची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा नेमकी दोनने अधिक भरते, असे ऑयलरला आढळले होते. साध्या घनाला ८ शिरोबिंदू, ६ पृष्ठे आणि १२ कडा असतात. चौदातून बारा वजा केले की दोन उरतात. पिरॅमिड घ्या, लोलक घ्या, उत्तर बदलत नाही. असे का व्हावे, याची सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती आणि तसे त्याने पत्रात मोकळेपणाने कबूल केले होते.

आज शाळकरी मुलांनाही कळेल असे हे सूत्र ग्रीकांपासून दोन हजार वर्षे कोणाच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते. कारण कदाचित अगदी साधे असावे. भूमितिज्ञांनी घनाकृतींचे कोन तपासले, पृष्ठे न्याहाळली, घनफळे काढली; पण कडा मोजण्याची वस्तू आहे हे कोणाला सुचले नाही. ऑयलरने तिला लॅटिनमध्ये स्वतंत्र नाव दिले आणि मगच ती मोजता आली.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तीच वाट धरावी अशी त्यांची इच्छा होती. योहान बर्नुली या विख्यात गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखली, वडिलांची समजूत घातली आणि गणिताला ऑयलर मिळाला. १७२७ साली तो सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाला. तेथेच १७३४ साली कॅथरिना ग्सेलशी त्याचा विवाह झाला. तेरा अपत्यांपैकी पाचच बालपण ओलांडू शकली. १७३८च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला आला.

सूत्राची सिद्धता त्याने पुढच्याच वर्षी मांडली. तिची रीत मोठी मनोज्ञ आहे. घनाकृतीचा एक शिरोबिंदू कापून काढायचा आणि उघड्या पडलेल्या जागी त्रिकोणी पृष्ठे बसवायची. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी आकृती थोडी ओबडधोबड होते, पण शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठे यांचा हिशेब ढळत नाही. शेवटी चार शिरोबिंदूंची चतुष्फलक आकृती उरते आणि तिथे सूत्र डोळ्यांनीच पडताळता येते.

संगणकाच्या पडद्यावरचे त्रिमितीय जग नेमके याच रीतीने हलके केले जाते. पुतळा असो वा खेळातले पात्र, संगणकाला ती त्रिकोणांची जाळीच असते. फ्लॉरेन्समधील मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचे १९९९च्या सुमारास लेसर किरणांनी मोजमाप झाले, तेव्हा सुमारे दोन अब्ज बहुभुज जमा झाले. एवढी सामग्री जशीच्या तशी कशी पाठवणार? १९९६ साली ह्यूग होप या संशोधकाने मांडलेल्या पद्धतीत जाळीतील एकेक कड मिटवत जातात. एक कड मिटली की एक शिरोबिंदू, तीन कडा आणि दोन त्रिकोण कमी होतात; ऑयलरची बाकी तीच राहते. उरलेला ढोबळ आकार आधी पाठवायचा आणि मिटवलेल्या कडा उलट क्रमाने मागाहून. पाहणारा दूर असेल तर थोड्या तपशिलावर भागते. तो जवळ येईल तसतशी बारकाव्यांची भर पडते.

सूत्राचा आणखी एक उपयोग आहे. बंद त्रिकोणी जाळीत त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या जवळजवळ दुप्पट आणि कडांची तिप्पट असते. म्हणजे एका शिरोबिंदूपाशी सरासरी सुमारे सहा कडा मिळतात. लाखभर शिरोबिंदूंच्या जाळीत प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोपरे क्रमांकाने नोंदवायचे, तर शिरोबिंदूमागे शंभराच्या आसपास बिट खर्ची पडतात. पण बहुतेक ठिकाणी आकडा सहाच्याच आगेमागे असणार हे ठाऊक असले, की कुठल्या बिंदूला किती कडा एवढेच क्रमाने लिहून भागते आणि जोडणीचा खर्च काही मोजक्या बिटांवर येतो.

ऑयलरच्या सिद्धतेत एक उणीव होती, हेही सांगितले पाहिजे. शिरोबिंदू बेफिकिरीने कापला, तर उरलेली आकृती धड घनाकृती राहीलच असे नाही. निर्दोष सिद्धता १७९४ साली लजांद्र याने दिली. जाळी हलकी करणाऱ्या आज्ञावल्यांनाही हीच धास्ती असते; कड मिटवण्यापूर्वी आकार चिरडणार नाही ना, हे त्या तपासून घेतात. आकृतीला आरपार भोक असेल तर बाकी दोन उरत नाही, हा भागही पुढच्यांनीच उलगडला.

बर्लिनच्या दरबारात मात्र ऑयलरचे मन रमले नाही. फ्रेडरिकला चटपटीत, हजरजबाबी विद्वान हवे होते. हा श्रद्धाळू, एकाक्ष गणिती त्याच्या थट्टेचा विषय होता. अकादमीचे अध्यक्षपद रिकामे झाले तेव्हा राजाची नजर द'अलांबेरकडे वळली. त्याने नकार देत ऑयलरचेच नाव सुचवले, तरीही राजा बधला नाही. १७६६ साली ऑयलर रशियाला परतला आणि लवकरच मोतीबिंदूने डावा डोळाही झाकोळला.

१७७१च्या वसंतात घराला आग लागली. बाझेलच्याच पीटर ग्रिम नावाच्या कारागिराने आंधळ्या ऑयलरला ज्वाळांतून बाहेर काढले; हस्तलिखितेही बहुतांशी वाचली. त्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली. काही दिवस त्याला दिसूही लागले, पण संसर्गाने ते सुख हिरावून घेतले. यानंतरचे त्याचे काम पाहून थक्क व्हायला होते. मनातल्या मनात लांबलचक आकडेमोड करून तो मुलाला व सहायकांना मजकूर सांगत असे. एकूण लेखनाचा जवळजवळ अर्धा भाग या दुसऱ्या रशियन पर्वातला आहे.

१८ सप्टेंबर १७८३ या दिवशी त्याने नातवंडाला गणित शिकवले, त्या वर्षी फ्रान्समध्ये आकाशात चढलेल्या फुग्यांच्या गतीचा हिशेब पाटीवर मांडला आणि नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेविषयी लेक्सेलशी चर्चा केली. सायंकाळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि रात्री त्याचे निधन झाले. पाटीवरची ती आकडेमोड पुढे पॅरिसच्या अकादमीने, सापडली तशीच, छापली.