भाभा, तारापूर आणि अणूची दोन शास्त्रे

डहाणूच्या खाडीकाठी १९९५ साली सुरू झालेले ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथून किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. दोन्हीकडे काम एकच चालते. पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने जनित्र फिरवायचे. फरक आहे तो उष्णतेच्या उगमात. डहाणूत कोळसा जळतो. त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, पण तो कार्बनच राहतो. तारापूरला मात्र युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो आणि मागे युरेनियम उरतच नाही. पहिली क्रिया रसायनशास्त्राची, दुसरी भौतिकशास्त्राची. कार्बनच्या एका अणूच्या ज्वलनातून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमच्या एका अणूच्या विखंडनातून मिळते. या दोन शास्त्रांच्या सीमेवर ज्यांचे आयुष्य गेले आणि ज्यांच्या दूरदृष्टीतून तारापूर उभे राहिले, ते डॉ. होमी जहांगीर भाभा.

अग्नी आणि हा परिसर यांचे नाते जुने आहे. इराणातून आलेले पारशी येथून जवळच असलेल्या संजाणला उतरले आणि पुढे संकटकाळी त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू-तलासरी भागातील बहरोटच्या डोंगरात जपला, असे परंपरा सांगते. त्याच समाजातील एका सुविद्य घराण्यात ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत होमींचा जन्म झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांची गोडी होमींना बालपणीच लागली व ती अखेरपर्यंत टिकली.

मुंबईत शिक्षण घेऊन १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढले गेले होते. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळाला तर पुढे गणित शिकण्याचा खर्च देऊ, असे वडिलांनी कबूल केले. १९३० साली ती अट पुरी झाली आणि मुलाची वाट मोकळी झाली.

त्या काळी केंब्रिजमध्ये पदार्थविषयीच्या जुन्या कल्पनांची पायाभरणीच हलत होती. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्र दोन श्रद्धांवर उभे होते. पदार्थ निर्माण होत नाही वा नाश पावत नाही, ही लव्हाझिएची शिकवण. आणि एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारखे व अविनाशी असतात, ही डाल्टनची. किरणोत्साराच्या शोधाने दुसऱ्या श्रद्धेला तडा गेला. एकाच मूलद्रव्याचे अणू वजनाने वेगवेगळे असू शकतात, हे १९१३ साली सॉडी यांनी दाखवून दिले. त्यांना आपण समस्थानिक म्हणतो. मग मूलद्रव्य म्हणजे नेमके काय? वजनावरून ते ठरत नसेल तर कशावरून ठरते? त्याच वर्षी मोस्ली यांच्या प्रयोगांतून उत्तर मिळाले : अणुगर्भावरील विद्युत्भारावरून. रसायनशास्त्राच्या मूळ संकल्पनेची व्याख्या अशा रीतीने भौतिकशास्त्राने केली.

भाभांचे गणिताचे गुरू पॉल डिरॅक हे याहूनही पुढे गेले. रसायनशास्त्राला लागणारे सर्व मूलभूत नियम आता हाती आले आहेत, अडचण आहे ती केवळ समीकरणे सोडविण्याची, असे त्यांनी १९२९ साली मांडले होते. म्हणजे रसायनशास्त्र हे तत्त्वतः भौतिकशास्त्राचेच एक प्रकरण ठरते काय? हा वाद तत्त्वचिंतकांत आजही मिटलेला नाही.

भाभांचे स्वतःचे संशोधन या उलथापालथीच्या ऐन मध्यावर होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी केलेले गणित आजही भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉनापासून प्रकाशकण निघतो, त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला येते आणि ही साखळी वाढत जाते. प्रकाशातून पदार्थ जन्मतो, हे यात गृहीतच होते. लव्हाझिएची श्रद्धाही आता केवळ मर्यादित क्षेत्रातच खरी उरली.

१९३९ साली भाभा सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात ते काम करू लागले. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी तलासरीच्या परिसरात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. एकाच प्रदेशाच्या दोन टोकांना देश असा दोन परींनी जागा होत होता.

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. येथून पुढे भाभांच्या कार्यात रसायनशास्त्राचे महत्त्व सतत वाढत गेलेले दिसते. त्यांची प्रसिद्ध त्रिस्तरीय योजना पाहा. भारतात युरेनियम थोडे आणि केरळच्या वाळूत थोरियम विपुल. म्हणून पहिल्या टप्प्यात युरेनियम वापरून प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्यात प्लुटोनियमच्या आधारे इंधन वाढवायचे आणि तिसऱ्यात थोरियमपासून ऊर्जा घ्यायची. प्रत्येक टप्प्यावर मूलद्रव्य बदलण्याचे काम भौतिकशास्त्र करते. पण बदललेले मूलद्रव्य बाकीच्यांतून निराळे काढण्याचे काम रसायनशास्त्राचे. आम्लात विरघळवा, योग्य द्रावकात ओढून घ्या, अवक्षेप मिळवा, ही रसायनशाळेतील जुनीच विद्या. म्हणूनच भाभांनी होमी सेठना या रसायन अभियंत्याला हाताशी धरले. केरळमधील आलुवा येथील दुर्मिळ मृदांचा कारखाना आणि तुर्भ्याचा १९६४ सालचा प्लुटोनियम प्रकल्प या दोन्हींच्या उभारणीत सेठनांचा वाटा मोठा होता.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. निसर्गातील युरेनियममध्ये सहज विखंडित होणारा २३५ वजनाचा समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असतो. त्याचे आणि २३८ वजनाच्या भावंडाचे रासायनिक वागणे जवळपास एकच, त्यामुळे साध्या रासायनिक क्रियेने ते वेगळे करणे अत्यंत दुष्कर. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना म्हणूनच समृद्ध युरेनियम लागले आणि त्यासाठी १९६३ साली अमेरिकेशी करार करावा लागला. पुढे २००५ व २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या मात्र नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालतात.

तारापूरची वीज पाहण्याचे भाग्य भाभांना लाभले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असता आल्प्समधील माँ ब्लां शिखरावर एअर इंडियाचे 'कांचनगंगा' विमान कोसळले आणि सर्व ११७ जणांसह त्यांचा अंत झाला. वय होते अवघे ५६. तारापूर १९६९ साली सुरू झाले.

भाभांनी हाती घेतलेल्या कामाची दुसरी बाजू किनाऱ्यावरील माणसांनी सोसली, हेही नमूद केले पाहिजे. नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. विखंडनातून उरणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांची चिंताही याच किनाऱ्याच्या वाट्याला आली. त्यांचे किरण किती काळ टिकणार, हे अणुगर्भ ठरवतो. पण ती शरीरात कोठे जाऊन बसणार, हे रसायनशास्त्र ठरवते. स्ट्राँशियमचे वागणे कॅल्शियमसारखे, म्हणून ते हाडांत शिरते. आयोडीन गळ्यातील ग्रंथीत साठते. त्यामुळे अशी द्रव्ये काचेत बंदिस्त करण्याची रासायनिक व्यवस्थाही तारापूरलाच करावी लागली.

डिरॅक यांचे म्हणणे तत्त्वतः खरे असेलही. पण त्यांच्याच शिष्याने जेव्हा प्रत्यक्ष अणुशक्ती उभारायला घेतली, तेव्हा रसायनशास्त्र भौतिकशास्त्रात विरघळून गेले नाही. ते शेजारी उभे राहिले आणि त्याच्यावाचून पाऊलही पुढे पडेना. डहाणूचा कोळसा आणि तारापूरचे युरेनियम यांच्यामधल्या त्या थोड्याशा किनाऱ्यावर हा धडा आजही वाचता येतो.