शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (जन्म : मुरूड, रत्नागिरी जिल्हा, जुलै १८५३, मृत्यू : पुणे, एप्रिल १८९८) हे मराठी ज्योतिर्विद, गणिती, शिक्षक आणि ग्रंथकार होते. भारतीय ज्योतिषाचा वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा पहिला सविस्तर इतिहास त्यांनी लिहिला आणि तो मराठीत लिहिला. आकाशाची ओळख सामान्य वाचकाला करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ हे त्यांचे पुस्तक मराठीतील लोकप्रिय विज्ञानलेखनाच्या आरंभीच्या ठळक ग्रंथांत गणले जाते. त्यांनी महाविद्यालयीन पदवी घेतलेली नव्हती. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या या शिक्षकाने उमेदीचा सारा काळ शाळांत आणि शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयांत अध्यापन करण्यात घालवला आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे संशोधन सिद्धीस नेले.

या लेखात ‘ज्योतिष’ हा शब्द दीक्षितांच्या ग्रंथातील व्यापक अर्थाने वापरला आहे. त्यात ग्रहगणित, संहिता आणि जातक या तिन्ही स्कंधांचा समावेश होतो. केवळ फलज्योतिष एवढाच त्याचा अर्थ नाही.

जन्म व शिक्षण

दीक्षितांचे जन्मगाव मुरूड हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव होय. जंजिऱ्याजवळचे मुरूड ते वेगळे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच दापोलीजवळच्या मुरूडात गेले. दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. त्याच वयात त्यांनी थोडे संस्कृत आणि वेदाध्ययनही केले. पुढे दापोलीस असताना त्यांनी इंग्रजी शिकण्यास आरंभ केला.

इ.स. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथील तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आणि १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. औपचारिक शिक्षण येथेच संपले. संस्कृत सिद्धान्तग्रंथ, ग्रहगणित आणि युरोपीय ज्योतिष यांचा पुढचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या बळावर केला.

अध्यापकीय कारकीर्द

१८७४ मध्ये दीक्षित रेवदंड्याच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक झाले. सुमारे सहा वर्षांनी त्यांची बदली ठाण्यास झाली. १८८२ पासून १८८९ पर्यंत ते बार्शी येथे होते. त्यानंतर धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात त्यांनी काम केले आणि १८९४ मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे जेथे स्वतः शिकले त्याच संस्थेत, अध्यापक म्हणून आले. अखेरपर्यंत ते तेथेच होते.

या बदल्यांचा त्यांच्या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. बार्शी किंवा धुळे येथे हस्तलिखितांचे मोठे संग्रह नव्हते आणि युरोपातील नियतकालिकेही सहजी मिळत नसत. ग्रंथ मिळवणे, उतरवून घेणे, निरनिराळ्या प्रांतांतील पंचांगे जमवणे, जुन्या ज्योतिष घराण्यांची माहिती गोळा करणे ही कामे त्यांना शाळेचे काम सांभाळून करावी लागली.

ठाण्यातील वास्तव्यात जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी आलेला संबंध त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. ‘काव्येतिहास-संग्रह’ या मासिकाच्या संपादकांपैकी एक असलेले मोडक हे ज्योतिषाचेही अभ्यासक होते. वेदांगज्योतिषाच्या दुर्बोध श्लोकांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न दोघांनीही केला.

लोकांसाठी विज्ञानलेखन

दीक्षितांच्या लेखनाचा आरंभ विद्यार्थ्यांसाठी झाला. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ हे त्यांचे पुस्तक १८७६ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यानंतर १८८२ मध्ये ‘सृष्टिचमत्कार’ आणि १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे ग्रंथ निघाले.

‘ज्योतिर्विलास’चे उपशीर्षक त्याचा हेतू सांगते. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. ज्याने गणित किंवा ज्योतिष यांचे शिक्षण घेतलेले नाही, अशा वाचकाने रात्री दोन घटका आकाशाकडे पाहावे आणि त्याला तेथे काय दिसते ते कळावे, हा या पुस्तकाचा उद्देश होता. त्या काळी नक्षत्रांची नावे मराठी घराघरांत माहीत होती. मृग लागला की पेरणी, हस्ताचा पाऊस, स्वातीचा पाऊस हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात होते. परंतु आकाशातील मृग, हस्त किंवा स्वाती बोटाने दाखवू शकणारी माणसे, पंचांग सांगणाऱ्यांतही, थोडीच होती. पंचांगातील नाव आणि आकाशातील तारा यांची गाठ घालून देण्याचे काम दीक्षितांनी केले. नव्या युरोपीय शोधांची माहिती देताना त्यांनी वाचकाला आधीपासून ठाऊक असलेल्या शब्दांचा आधार घेतला. त्यामुळे हे शास्त्र परके वाटले नाही.

पंचांगाचा वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून केली जात. हा ग्रंथ शके १४४२ (इ.स. १५२०) मधला आहे. त्याची रीत सोपी असल्याने तो सर्वत्र पसरला; परंतु साडेतीनशे वर्षांत गणिताने आलेली ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष आकाशातील स्थिती यांत फरक पडला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून आधुनिक गणिताच्या आधारे सुधारणेचा मार्ग दाखवला. त्यांच्या प्रेरणेने निघालेले पंचांग पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते.

याहून कठीण प्रश्न वर्षमानाचा होता. ऋतू ज्या वर्षाने फिरतात ते सायन वर्ष सुमारे ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे असते. सूर्यसिद्धान्ताचे निरयन वर्ष ३६५ दिवस ६ तास साडेबारा मिनिटांचे आहे. दरवर्षीचा हा सुमारे चोवीस मिनिटांचा फरक साठ वर्षांत एक दिवस इतका होतो. यामुळेच सूर्य प्रत्यक्षात डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला उत्तरेकडे वळत असला, तरी मकरसंक्रांत दीक्षितांच्या काळी १२ जानेवारीच्या आसपास येई आणि आता ती १४–१५ जानेवारीपर्यंत पुढे आली आहे.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी सायन पक्ष स्वीकारला आणि १८८० च्या दशकात सायन पंचांग सुरू केले. वसंत, वर्षा, शरद हे ऋतू धर्मकृत्यांशी जोडलेले असतील, तर ती कृत्ये त्या त्या ऋतूतच झाली पाहिजेत, अशी या पक्षाची भूमिका होती. मात्र सायन गणना स्वीकारल्यास बहुतेक वर्षी चांद्रमासाचे नाव एका महिन्याने बदलते. शेजारच्या घरी आश्विन चालू असता सायन पंचांग मानणाऱ्याच्या घरी कार्तिक लागलेला असणार आणि दिवाळीही महिनाभर आधी होऊन गेलेली असणार. शिवाय सायन गणनेत नक्षत्रांची नावे त्या त्या तारकापुंजांपासून सुटतात, हा दुसरा आक्षेप होता. पटवर्धनी पंचांगाच्या बाजूने लोकमान्य टिळकांसारखे विद्वान होते. सायन पंचांगाला समाजाची मान्यता मिळाली नाही. दीक्षितांनी आपले मत सोडले नाही. पण आपल्या इतिहासग्रंथात विरुद्ध पक्षांच्या पंचांगांचीही त्यांनी सविस्तर नोंद घेतली.

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’

१८८४ च्या सुमारास पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावरील मराठी ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केले. दीक्षितांनी बार्शीत असताना ग्रंथ लिहून कमिटीकडे पाठवला आणि त्यास बक्षीस मिळाले. पुढे त्यात भर घालून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात वैदिक काळ आणि वेदांगकाळ यांतील ज्योतिषाचा विचार आहे. संहिता, ब्राह्मणे, वेदांगज्योतिष, महाभारत यांतील नक्षत्रे, महिने, ऋतू, युगे यांविषयीचे उल्लेख त्यात एकत्र केले आहेत. दुसऱ्या भागात सिद्धान्तकाळ असून गणित, संहिता आणि जातक अशी त्याची विभागणी आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून दीक्षितांच्या समकालीनांपर्यंतचे ग्रंथकार, त्यांचे काळ आणि त्यांच्या गणिताची पद्धत यांचे विवेचन त्यात आहे. केवळ ग्रंथकाराच्या शब्दावर न थांबता त्याने दिलेल्या अंकांचे गणित करून त्याचा काळ तपासणे, ही दीक्षितांची रीत होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या ग्रंथाचे एक वेगळे महत्त्व आहे. गोदावरीच्या खोऱ्यात कित्येक पिढ्या ज्योतिषाचे अध्ययन करणारी घराणी होती. ‘सिद्धान्तसुंदर’ (शके १४२५) या ग्रंथाचा कर्ता पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, ज्ञानराज आणि गोदातीरावरच्या गोलग्रामातील दिवाकराचे घराणे ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या दुसऱ्या घराण्यातील विद्वान पुढे काशीस गेले. ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिणारा कमलाकर त्यांच्यापैकीच होता. या घराण्यांचे वृत्तान्त दीक्षितांनी ग्रंथात दिले आहेत. मराठवाड्याच्या विद्येच्या इतिहासासाठी ते आजही उपयोगी पडतात.

भारतीय ज्योतिष सर्वस्वी ग्रीकांकडून आले, हे अनेक युरोपीय पंडितांचे मत दीक्षितांना मान्य नव्हते. ते त्यांनी वेदांगज्योतिष आणि जुने सिद्धान्त यांच्यातील अंकांच्या आधारे खोडण्याचा प्रयत्न केला. या प्रश्नावर पुढील अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत.

शिलालेख आणि कालनिर्णय

जुन्या लेखांतील तिथी, वार आणि संवत्सर यांवरून इंग्रजी तारीख काढण्याच्या कामात दीक्षित निष्णात होते. पुरातत्त्वज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्त राजांच्या शिलालेखांचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. गुप्त शकाचा आरंभ इ.स. ३१९–३२० मध्ये होतो, हा त्यातील मुख्य निष्कर्ष तिथींच्या ज्या गणितावर तपासला गेला, ते गणित दीक्षितांचे होते. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. ती तारीख २१ जून ४८४ अशी निघते आणि वार जुळतो. भारताच्या प्राचीन इतिहासातील एका मोठ्या कालखंडाची तारीखवार मांडणी या शकावर अवलंबून आहे.

‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्यांचे अनेक इंग्रजी लेख प्रसिद्ध झाले. गुरूच्या बारा वर्षांच्या संवत्सरचक्राचा उलगडा आणि मूळ सूर्यसिद्धान्ताचा शोध हे त्यांचे विषय होते. मद्रास इलाख्यातील निवृत्त अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये निघाला. भारतीय तिथीची इंग्रजी तारीख काढण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकांनी तो दीर्घकाळ वापरला.

कृत्तिकांचा दाखला

दीक्षितांचा सर्वांत चर्चिला गेलेला सिद्धान्त शतपथ ब्राह्मणाच्या काळाविषयी आहे. या ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख येतो. आज कृत्तिका पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. अयनचलनामुळे ताऱ्यांची विषुववृत्तापासूनची अंतरे हळूहळू बदलतात. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत असतील असा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमारास येतो, असे दीक्षितांनी गणिताने दाखवले. टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये निघाला होता आणि वेदकाळाची चर्चा त्या वेळी जोरात होती. दीक्षितांचे गणित बिनचूक आहे. वाद आहे तो मूळ वाक्य प्रत्यक्ष वेधाचे मानावे काय, आणि ते ग्रंथरचनेच्या काळचे की परंपरेने आलेले, याविषयी.

मृत्यू आणि वारसा

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांत, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षितांचे पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाला पंचेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ‘भारतवर्षीय भूवर्णन’ हा त्यांचा प्राचीन भूगोलावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, प्रकाशित झाला.

मुख्य ग्रंथ मराठीत असल्याने मराठी न जाणणारे अभ्यासक दीर्घकाळ त्यापासून दूर राहिले. त्याची दुसरी मराठी आवृत्ती १९३१ मध्ये निघाली. शिवनाथ झारखंडी यांचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये आणि रा. वि. वैद्य यांच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथानंतर तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी, प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, हा विषय मराठीत आल्यामुळेच इंग्रजी न जाणणाऱ्या पंचांगकर्त्यांना आणि शिक्षकांना आपल्या शास्त्राचा इतिहास प्रथमच वाचता आला.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेने शालिवाहन शक कायम ठेवला आणि वर्ष मात्र सायन मानाचे घेतले. घरोघरचे सण आजही निरयन पंचांगानेच होतात. परंतु वर्ष ऋतूंना धरून असावे, हा लेले, मोडक आणि दीक्षित यांनी धरलेला आग्रह सरकारी दिनदर्शिकेपुरता तरी मान्य झाला. आकाशवाणीवर आणि शासनाच्या राजपत्रात इंग्रजी तारखेबरोबर दिली जाणारी भारतीय सौर तारीख याच दिनदर्शिकेची आहे.

ग्रंथसंपदा

विद्यार्थिबुद्धिवर्धिनी (१८७६)
सृष्टिचमत्कार (१८८२)
ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज (१८९२)
धर्ममीमांसा (१८९५)
भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६)
द इंडियन कॅलेंडर (१८९६, रॉबर्ट स्यूएल यांच्यासह, इंग्रजी)
भारतवर्षीय भूवर्णन (१८९९, मरणोत्तर)