ऑरव्हिल गिब्सन

ऑरव्हिल गिब्सन (१८५६ – ऑगस्ट १९१८) हे अमेरिकन वाद्यनिर्माते होते. मँडोलिन आणि गिटार या वाद्यांची तबली व पाठ व्हायोलिनप्रमाणे जाड लाकडातून घुमटाकार कोरून काढण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यांच्या नावाने मिशिगन राज्यातील कॅलामाझू या शहरात १९०२ साली स्थापन झालेली कंपनी पुढे जगातील प्रमुख गिटार-उत्पादकांपैकी एक झाली. या कंपनीची एसजे-२०० ही मोठ्या आकाराची, म्हणजेच 'जंबो' प्रकारची गिटार विशेष प्रसिद्ध आहे. त्या गिटारीच्या शिरोभागावर गिब्सन यांचे आडनाव असले तरी ती त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी तयार झाली. तिच्या बांधणीत ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यांतील बहुतेक पद्धतींना गिब्सन यांचा विरोध होता.

पूर्वायुष्य

गिब्सन यांचा जन्म न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ असलेल्या शॅटोगे या गावाच्या परिसरात झाला. तरुणपणी ते कॅलामाझूला आले. तेथे त्यांनी एका पादत्राणांच्या दुकानात कारकुनी केली आणि काही काळ एका उपाहारगृहातही नोकरी केली. वाद्यनिर्मितीचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्या काळातील अमेरिकेतील अनेक नामांकित वाद्यनिर्माते युरोपीय परंपरेत, एखाद्या उस्तादाच्या कारखान्यात उमेदवारी करून तयार झालेले होते. मार्टिन गिटार कंपनीचे संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे व्हिएन्नातील योहान गेओर्ग स्टाउफर यांच्याकडे शिकले होते. गिब्सन यांच्यामागे असा कोणताही गुरू वा घराणे नव्हते. त्यांच्या कल्पनांतील धाडस आणि त्यांतील अव्यवहार्यता या दोन्ही गोष्टींचे मूळ बहुधा येथेच असावे.

नोकरी सांभाळून फावल्या वेळात ते लाकडावर प्रयोग करीत. त्यांची १८९४ सालची वाद्ये आज उपलब्ध आहेत. कंपनी आपला आरंभ याच वर्षापासून मोजते. प्रत्यक्षात तेव्हा कंपनी नव्हती, एकटा कारागीर होता. दोनएक वर्षांतच त्यांनी नोकरी सोडून वाद्यनिर्मिती हाच व्यवसाय पत्करला व कॅलामाझूच्या मध्यवस्तीत स्वतःचे छोटे दुकान थाटले.

रचनाविचार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मँडोलिनचे वेड पसरले होते. प्रचलित मँडोलिन नेपल्स पद्धतीची असे. तिची पाठ लाकडाच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना सरसाने चिकटवून भोपळ्यासारखी गोल बनवलेली असे. त्या काळची गिटारही आजच्या मानाने लहान होती. तिची रुंदी साधारणतः १२ ते १४ इंच असे. तबली म्हणजे एक पातळ सपाट फळी असून तिला आतून आधारपट्ट्या चिकटवलेल्या असत. बाजूच्या पट्ट्या उष्णतेने वाकवून तयार केल्या जात आणि दांडी स्वतंत्र बनवून नंतर जोडली जाई.

गिब्सन यांनी या साऱ्या पद्धतीलाच आव्हान दिले. वाद्य जितक्या जास्त तुकड्यांचे, तितका त्याचा नाद खुंटतो, असे त्यांचे मत होते. वाकवलेल्या लाकडात ताण राहून जातो आणि ते मोकळेपणाने कंप पावत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून बाजू वाकवण्याऐवजी त्यांनी त्या जाड लाकडातून हव्या त्या वळणात कापून काढल्या. दांडीही शक्यतो त्याच लाकडाचा भाग असावी असा त्यांचा आग्रह होता. दांडीचा काही भाग आतून पोकळ ठेवून वाद्यातील हवेची पोकळी त्यांनी दांडीपर्यंत वाढवली. तबली आणि पाठ जाड फळ्यांतून पटाशीने कोरलेल्या असत. मध्ये अधिक जाड आणि कडेकडे पातळ होत जाणाऱ्या या घुमटाला स्वतःचेच बळ असल्यामुळे आतील आधारपट्ट्यांची गरज उरत नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. सरोदाचा सांगाडा एकाच लाकडातून कोरला जातो. गिब्सन यांचा विचार त्या जातीचा होता, मात्र सरोदाला चामड्याची तबली असते आणि गिब्सन यांना तीही लाकडातच कोरायची होती.

या रचनेसाठी त्यांनी अर्ज केला आणि १ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांना मँडोलिनचे अमेरिकन पेटंट (क्रमांक ५९८२४५) मिळाले. त्यांना मिळालेले हे एकमेव पेटंट होय.

त्यांच्या वाद्यांची पाठ व बाजू बहुधा अक्रोडाच्या लाकडाच्या आणि तबली स्प्रूसची असे. शिरोभागावर शिंपल्यात जडवलेली चंद्रकोर व तारा ही त्यांची आवडती खूण होती. काही मँडोलिन आणि गिटारींच्या खांद्याला त्यांनी व्हायोलिनच्या शिरासारखी वळी दिली. मँडोलिनच्या बाबतीत हा आकार आजही प्रमाण मानला जातो.

आकाराच्या बाबतीत मात्र ते काळाच्या पुष्कळच पुढे होते. त्यांच्या गिटारींची रुंदी १६ इंच आणि क्वचित १८ इंचांपर्यंत असे. जादा मंद्र तारा असलेल्या हार्प गिटारीही त्यांनी बनवल्या. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात वृंदवादनात गिटार ऐकू यावी, हा मोठ्या आकाराचा सरळ हेतू होता. 'जंबो' हा शब्द गिटारीला लागण्यापूर्वी तीन दशके हा कारागीर तेवढ्या मापाची गिटार बनवत होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

या पद्धतीचे दोषही उघड होते. वळणदार बाजू सरळ फळीतून कापल्या की वळणाच्या ठिकाणी लाकडाच्या रेषा तोकड्या होतात आणि तेथे तडा जाण्याचा धोका वाढतो. वाकवलेल्या पट्टीत रेषा वळणाबरोबर अखंड राहतात. त्यामुळे ती पातळ असूनही मजबूत असते. शिवाय लाकडाचा मोठा भाग भुश्यात जाई आणि वेळही फार लागे. एका माणसाच्या हातून मागणी पुरी होणे अशक्य होते.

कंपनीची स्थापना

ऑक्टोबर १९०२ मध्ये कॅलामाझूतील पाच व्यक्तींनी 'गिब्सन मँडोलिन-गिटार मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, लिमिटेड' स्थापन केली. हे पाच जण वकिली आणि वाद्यविक्री या क्षेत्रांतील होते. गिब्सन यांचा त्यांत समावेश नव्हता. पेटंटच्या हक्कांसाठी कंपनीने त्यांना २,५०० डॉलर दिले. नव्या कामगारांना आपली पद्धत शिकवणे हे त्यांचे काम होते. लवकरच संचालक मंडळाने ठराव करून गिब्सन यांना प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या वेळेपुरताच मोबदला द्यावा असे ठरवले. त्यानंतर कारखान्यातील त्यांचे स्थान नाममात्र होत गेले. १९०८ पासून कंपनी त्यांना वर्षाला ५०० डॉलर देत असे.

त्यांच्या पद्धतीही मागे पडल्या. कंपनीने कापून काढलेल्या बाजू आणि पोकळ दांडी ही दोन्ही वैशिष्ट्ये काही वर्षांतच सोडून दिली. बाजू पुन्हा वाकवल्या जाऊ लागल्या आणि दांडी वेगळी बनवून जोडली जाऊ लागली. कोरीव तबली व पाठ मात्र टिकून राहिली. व्यवसायाच्या दृष्टीने कंपनीचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. गिब्सन यांच्या हातची वाद्ये कारखान्यात त्याच रीतीने शेकड्यांनी निघणे शक्य नव्हते.

अखेरची वर्षे

१९०७ ते १९११ या काळात गिब्सन यांना अनेकदा रुग्णालयात राहावे लागले. पुढे ते न्यूयॉर्क राज्यात, आपल्या मूळ प्रदेशात परतले. १९१६ साली त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करण्यात आले. ऑग्डेन्सबर्ग येथील सेंट लॉरेन्स स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात ऑगस्ट १९१८ मध्ये हृदयाच्या आतील आवरणाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलामाझूत पार्सन्स स्ट्रीटवर कंपनीचा मोठा नवा कारखाना उभा राहिला होता.

कोरीव वाद्यांची परंपरा

गिब्सन यांच्या विचाराचा खरा वारसा घुमटाकार तबलीच्या वाद्यांत दिसतो. लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ साली कंपनीने एल-५ ही गिटार आणि एफ-५ ही मँडोलिन बाजारात आणली. या दोन्हींत गोल वा लंबगोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी 'एफ' आकाराची छिद्रे होती. तबलीखाली दोन लांब पट्ट्या बसवलेल्या होत्या, म्हणजे आधारपट्ट्या नकोत हे तत्त्व येथेही पूर्णपणे पाळले गेले नाही. तरीही कोरीव घुमट हाच या वाद्यांचा पाया होता. १९३४ साली आलेली सुपर ४०० ही गिटार १८ इंच रुंद होती, म्हणजे गिब्सन यांच्या स्वतःच्या सर्वांत मोठ्या गिटारींच्या मापाची. १९५२ सालच्या लेस पॉल या विद्युत गिटारीवरील कोरीव मेपलचा थरही याच परंपरेतला म्हणावा लागतो, जरी तेथे घुमटाचा उपयोग नादापेक्षा रूपासाठी अधिक आहे.

जंबो गिटार आणि गिब्सन यांची तत्त्वे

सपाट तबलीच्या गिटारी कंपनीने गिब्सन यांच्या निधनानंतर, १९२०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. १९३४ साली 'जंबो' हे नाव असलेली गिटार आली. त्यानंतर चित्रपटांत काऊबॉय गायकाच्या भूमिका करणारे रे व्हिटली यांच्या सूचनांवरून १९३७-३८ मध्ये 'सुपर जंबो' तयार झाली. ती सुमारे १७ इंच रुंद होती. किंमत २०० डॉलर असल्यामुळे तिला एसजे-२०० हे नाव मिळाले; पुढे ती जे-२०० म्हणूनही ओळखली जाऊ लागली. ही गिटार ऑरव्हिल गिब्सन यांची निर्मिती आहे असा समज अधूनमधून आढळतो, तो चुकीचा आहे.

एसजे-२०० ची तबली सपाट स्प्रूसची असून तिच्याखाली इंग्रजी 'एक्स' अक्षराच्या आकारात आधारपट्ट्या असतात. ही मांडणी मार्टिन यांच्या कारखान्यात १८४०च्या दशकातच वापरात आली होती. पोलादी तारांच्या संचाचा एकूण ताण साधारण ७० ते ८० किलो असतो. सपाट पातळ फळीला तो आधाराशिवाय पेलत नाही आणि रुंदी वाढली की ही अडचण आणखी वाढते. घुमटाचा मार्ग सोडल्यावर पट्ट्यांना पर्याय नव्हता. या गिटारीच्या बाजू वाकवलेल्या आणि दांडी वेगळी जोडलेली असते. सुरुवातीच्या गिटारींची पाठ व बाजू रोझवूडच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मेपल रूढ झाले. मेपलमुळे स्वर लवकर विरतो व जीवा स्वच्छ ऐकू येतात, तर रोझवूडमध्ये मंद्र स्वर अधिक भरदार आणि रेंगाळणारे असतात, असा वादकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. गायनाला साथ करणाऱ्यांनी मेपलच्या जंबोला पसंती देण्यामागे हे एक कारण आहे. मिशीच्या आकाराची घोडी आणि फुलांच्या नक्षीची संरक्षक पट्टी ही एसजे-२०० ची दृश्य ओळख होय.

मार्टिन कंपनीने १९८५ साली आणलेली जे-४० ही जंबो १६ इंच रुंद आहे. तिची पाठ सपाट वाटणाऱ्या रोझवूडची असून आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते, आणि तबलीखालील 'एक्स' पट्ट्या मध्ये खोलगट तासून हलक्या केलेल्या असतात. बांधणीच्या दृष्टीने ही गिटार गिब्सन यांच्या विचारापासून सर्वांत दूर आहे.

सर्वांत कुतूहलजनक उदाहरण गिल्ड कंपनीच्या एफ-५० चे आहे. १९५०च्या दशकात आलेल्या या १७ इंची जंबोची पाठ घुमटाकार असून तिला आतून एकही आधारपट्टी नसते. घुमटाच्या बळावर पट्ट्या टाळण्याची गिब्सन यांची कल्पना येथे प्रतिस्पर्धी कंपनीच्या वाद्यात उतरलेली दिसते. फरक इतकाच की ही पाठ कोरलेली नाही. मेपलचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, साच्यात दाबून तिला आकार दिला जातो. चिकटवलेले थर आणि वाकवलेले लाकूड, या दोन्ही गोष्टी गिब्सन यांना पसंत नव्हत्या. उत्तम स्थितीतील एफ-५० चा आवाज ऐकल्यावर त्यांच्या आक्षेपात तथ्य किती होते याविषयी शंका येते, हेही येथे नमूद करायला हवे.

नावाचा वापर

कंपनीचा कॅलामाझूतील कारखाना १९८४ साली बंद झाला. १९८९ पासून कंपनीच्या अकूस्टिक गिटारी, एसजे-२०० सह, मोंटाना राज्यातील बोझमन येथे बनवल्या जातात. जपानमध्ये १९८८ ते १९९८ या काळात यामानो गाक्की या कंपनीने परवान्याने 'ऑरव्हिल' या नावाच्या गिटारी विकल्या. त्या प्रामुख्याने लेस पॉलसारख्या भरीव लाकडाच्या विद्युत गिटारी होत्या.