हिंदू संघाला इंग्रजांविरुद्ध जिंकून देणाऱ्या बाळू पालवणकरांना कर्णधारपद कधीच का मिळालं नाही?

डिसेंबर २०२० आठवतोय ना? ॲडलेडला भारताचा अख्खा संघ ३६ धावांत गुंडाळला गेला, विराट कोहली सुट्टीवर मायदेशी परतला आणि कप्तानी आली संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या अजिंक्य रहाणेकडे. मेलबर्नला त्यानं ११२ धावा ठोकल्या, संघ बरोबरीत आणला आणि १९ जानेवारी २०२१ ला गाबावर भारतानं मालिका २-१ अशी खिशात घातली. त्या दिवशी संगमनेरकरांची छाती किती फुगली असेल ते वेगळं सांगायला नको.

पण आजची गोष्ट रहाणेची नाही. आजची गोष्ट आहे त्याच्या शंभर वर्षं आधी खेळलेल्या एका मराठी माणसाची. हा गडी संघातला सगळ्यात भारी बॉलर होता. दरवर्षी सामने काढून द्यायचा आणि दरवर्षी कप्तान मात्र दुसराच कुणीतरी व्हायचा. रहाणेला निदान कोहली नसताना संधी मिळाली. याला तर कप्तान आजारी पडल्यावरही मिळाली नाही.

नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळं बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांचं लहानपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर दोघं भाऊ क्रिकेट शिकले. मोठं झाल्यावर बाळूंना नोकरी लागली ती पण मैदानावरच. पारशी लोकांच्या एका क्लबात पिच झाडायचं आणि रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये.

मग ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथं पगार ४ रुपये झाला. कामं तीच, त्यात नेट बांधायचं आणि पिचवर रेघा मारायचं काम वाढलं. साहेब लोकांना सरावासाठी कुणीतरी बॉल टाकणारा लागायचा, म्हणून बाळूंच्या हातात बॉल आला. ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते. कॅप्टन ग्रेग नावाचा तिथला मोठा बॅट्समन रोज सगळ्यांच्या आधी येऊन बाळूंसमोर उभा राहायचा. आपल्याला आउट केलं की तो दरवेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण खरं असेल तर महिन्याचा पगार आठ विकेटमध्ये निघत होता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इतकी वर्षं बाळूंनी हजारो बॉल टाकले, पण त्या क्लबात त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, बॉल नोकरानं टाकायचा. हिशोब साफ होता.

बाळूंची ख्याती पुण्यात पसरली तशी तिथल्या हिंदू क्लबची पंचाईत झाली. इंग्रजांना हरवायचं तर हा बॉलर पाहिजे. पण क्लबात बहुतेक ब्राह्मण, आणि हा अस्पृश्य. मग काढला एक मार्ग. मैदानावर बाळूंनी टाकलेला बॉल सगळे झेलणार, त्यांनी आउट केलं की सगळे नाचणार. पण चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये जाणार आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळणार. जेवणाचं ताट वेगळं, हात-तोंड धुवायचं पाणीसुद्धा त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर आणून देणार. म्हणजे चामड्याचा बॉल चालतो, कप चालत नाही.

साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी ७ विकेट काढल्या तेव्हा त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी तिथं सरळ मुद्द्याला हात घातला, की बाळूंबरोबर खेळता येतं तर त्यांच्याबरोबर खाता-पिताही आलं पाहिजे.

पुण्यात प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळू बी.बी.सी.आय. रेल्वेत लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथंही त्यांना घ्यायला आधी विरोध झालाच, पण बॉलिंग बघून तो मावळला.

आणि आला फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना ठरला. तेव्हा बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं जोरात होतं, त्यामुळं हा सामना नुसता सामना राहिला नव्हता. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या. युरोपियन १९१ वर गेले. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले, म्हणजे साहेबांना जिंकायला २१२ पाहिजे होत्या. फार नव्हत्या. सामना कुणाच्याही बाजूला झुकला असता. पण बाळूंनी फिरकीत असं अडकवलं की साहेबांचा संघ १०२ मध्ये गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. शिवरामही याच संघात होते.

याचा परिणाम मैदानाबाहेर जास्त झाला. ज्यांनी इंग्रजांना हरवून दिलं त्यांना बाहेर चहा कसा द्यायचा? मुंबईच्या जिमखान्यात दोन्ही भाऊ बाकीच्यांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले. समाजसुधारकांच्या पत्रांनी त्यावर कौतुकानं लिहिलं.

पुढं ही स्पर्धा वाढत गेली. १९०७ मध्ये पारशी, हिंदू, युरोपियन अशी तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी झाली. मुंबईत तेव्हा या सामन्यांचा माहोल आताच्या आयपीएलसारखा होता. झाडांवर चढून लोक मॅच बघायचे.

१९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान कोण? पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय वर्षं १९. महाराज मॅचेसपेक्षा मेजवान्यांत जास्त रमले. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, सरासरी १९ च्या आत. वय होतं ३५. टॉन्टनला सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक ठोकलं.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं बाळूंचा सत्कार केला. त्यांचं मानपत्र लिहिणाऱ्या कॉलेजकुमाराचं नाव होतं भीमराव आंबेडकर. हे नाव पुढं पुन्हा येणार आहे.

आता कप्तानीकडं येऊ. शिवरामनंतर विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊ हिंदू संघात आले. चौघंही एकत्र खेळले. बाळू सगळ्यात अनुभवी, सगळ्यात यशस्वी. १९१० पासून दरवर्षी त्यांच्या कप्तानीची चर्चा व्हायची आणि दरवर्षी ती दुसऱ्याला मिळायची. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी तर आपल्याच सत्कारात कबूल केलं की हा मान बाळूंचा होता. दिलदारपणा होता, पण बदल शून्य.

१९२० ला कहर झाला. पै आजारी पडले. कप्तानी बाळूंकडे जाईल असं वाटत असताना निवड समितीनं बाळूंना संघातूनच काढलं आणि पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कप्तान केलं. इथं देवधरांना दोष द्यायचं कारण नाही, ते मोठे खेळाडूच होते. प्रश्न निवड करणाऱ्यांचा होता. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि जाहीर पत्रक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की बाळूंचं वय झालं म्हणून वगळलं असेल तर ठीक, पण मग ज्येष्ठतेनं कप्तानी शिवरामकडे यायला हवी होती. ती आली नाही याचं कारण फक्त जात.

मुंबईचं पब्लिक भावांच्या बाजूनं उभं राहिलं आणि समितीला नमतं घ्यावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परत कप्तान झाले, बाळू उपकप्तान झाले आणि दोघं भाऊ संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघ बाळूंनी चालवला. त्यांच्या वाट्याला आलेली कप्तानी तेवढीच. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. अंतिम सामना पुन्हा युरोपियनांशी. विठ्ठलनी शतक मारलं, हिंदू जिंकले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. विठ्ठल यांनी नंतर 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. या भावांबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच त्यातून आणि पुढं रामचंद्र गुहांच्या संशोधनातून. 'लगान'मधला कचरा बघून अनेकांना बाळू आठवतात ते उगाच नाही.

बाळूंची शेवटची मोठी लढत मात्र मैदानावर झाली नाही. ते गांधीजींच्या बाजूचे होते. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत असं त्यांचं मत होतं आणि पुणे कराराच्या वाटाघाटीत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत त्यांना उभं केलं, ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. ज्या माणसानं तरुणपणी बाळूंना नायक मानलं होतं त्याच माणसाविरुद्ध. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

भारताची पहिली टेस्ट १९३२ ची. तोवर बाळू ५६ वर्षांचे झाले होते, त्यामुळं टेस्टच्या यादीत त्यांचं नाव नाही. प्रथम श्रेणीच्या नोंदीत आहे. ३३ सामने, १७९ विकेट. ४ जुलै १९५५ ला मुंबईत ते गेले. सांताक्रूझच्या अंत्ययात्रेला क्रिकेटपटू आले होते आणि दलित समाजातले पुढारीही.